निर्दोषतेचे ओझे आणि विसाव्याची जागा

१

मराठी वाङ्मयेतिहासात बारामतीचे नाव येते ते मोरोपंतांमुळे. पन्हाळ्याहून आलेले हे घराणे बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेच्या काठी स्थिरावले आणि १७९४ मध्ये पंतांचा अंत झाला तोवर आर्येच्या बांधणीत दोष काढायला जागा उरली नव्हती. मात्रांचा चोख हिशेब, यमकाची सक्ती, ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेले निरोष्ठ रामायण, रामकथा एकशे आठ प्रकारांनी सांगण्याचा संकल्प, ह्या साऱ्यांतून एकच मूल्य प्रकट होते. ते म्हणजे निर्दोषता. ह्याच मोरोपंतांनी स्त्रियांना म्हणता यावीत अशी सीतागीत, सावित्रीगीत ह्यांसारखी गीतेही रचली. रचनेतली निर्दोषता आणि स्त्रीच्या आचरणातली निर्दोषता ही दोन मूल्ये एकाच दौतीतून उतरली, ही गोष्ट सहज विसरण्याजोगी नाही.

दर वर्षी ज्येष्ठ सरता सरता ह्याच गावावरून तुकोबांची पालखी जाते. बारामतीचा मुक्काम आटोपला की काटेवाडीला परीट समाजाच्या धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण, पुढे सणसर, बेलवाडीचे गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटीला पादुकांचे नीरास्नान, असा हा क्रम आहे. ह्या वाटेवर एक शब्द सतत कानी पडतो, तो म्हणजे 'विसावा'. मुक्काम रात्रीचा, विसावा वाटेतला. चालणाऱ्याला थकवा येणार हे ह्या व्यवस्थेने आधीच गृहीत धरले आहे. थकणे हा तेथे दोष ठरत नाही. पालखीसुद्धा विसावते.

निर्दोषता आणि विसावा ह्या दोन मूल्यांमधला ताण कऱ्हा-नीरेच्या खोऱ्यातल्या दलित स्त्रीच्या वाट्याला ज्या तीव्रतेने आला, तसा तो क्वचितच कोणाच्या वाट्याला आला असेल. पुरंदरचे वीरगाव, नीरेपलीकडचे फलटण आणि अलीकडचे बारामती-इंदापूर हा सारा एकच सांस्कृतिक पट्टा आहे. बेबी कांबळे ह्यांचे 'जिणं आमुचं' ह्याच पट्ट्यात घडले. त्या ग्रंथाला 'दाहक दस्तऐवज' म्हणून मान देणाऱ्या मराठी समीक्षेने त्यातला हा ताण पुरेसा वाचलेला नाही. तो वाचायचा तर थोडे मागे जावे लागते.

२

चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई आणि नामदेवाघरची जनाबाई ह्यांच्या नावावरील अभंगांत, तसेच त्यांच्याभोवती जमलेल्या कथांत, देवाचे जे रूप येते ते समीक्षेने बहुधा 'भाबडी भक्ती' ह्या कप्प्यात टाकले आहे. परंतु हे रूप नीट न्याहाळले तर वेगळे काही दिसते. जनाबाईचा विठ्ठल दळण दळू लागतो, शेणी वेचू लागतो, तिची वेणी घालतो. सोयराबाईच्या बाळंतपणाच्या वेळी चोखोबा घरी नाही, तेव्हा विठ्ठल नणंदेचे रूप घेऊन येतो आणि तिचे बाळंतपण करतो. हा देव स्त्रीकडून निर्दोष आचरणाची मागणी करीत नाही. तो तिच्या कामातला वाटा उचलतो.

सोयराबाईच्या संदर्भात ह्याला आणखी एक परिमाण आहे. जिच्या शरीराला समाजाने जन्मतःच विटाळाचे मानले, तिच्या शरीराला प्रसूतीच्या, म्हणजे शास्त्रानुसार सर्वाधिक विटाळाच्या, क्षणी स्पर्श करणारा हा देव आहे. विटाळाविषयीचा तिचा प्रसिद्ध युक्तिवादही ह्याच दिशेने जातो. देहाची उत्पत्तीच विटाळातून असेल तर निर्मळ देह कोणाचा, असा तिचा प्रश्न आहे. ह्या प्रश्नाने शुद्धतेची कसोटीच निकालात निघते. स्वतःला शुद्ध सिद्ध करण्याचा खटाटोप सोयराबाई करीत नाही, ती शुद्धतेचा तराजूच नाकारते. दोष असलेल्या देहाचीही सेवाशुश्रूषा होऊ शकते, नव्हे व्हायलाच हवी, ही धारणा ह्या श्रद्धेच्या मुळाशी आहे.

ही धारणा केवळ संतसाहित्यात राहिली नाही. जात्यावरच्या ओवीत ती खोलवर मुरली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ ह्यांनी १९८० च्या दशकापासून सुरू केलेल्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यासाठी इंदापूर तालुक्यातले, पालखीमार्गावरचे निमगाव केतकी हे गावही धुंडाळले गेले. ओवीचे वाङ्मयीन रूप मोरोपंती आर्येच्या नेमके उलट आहे. ती अपुरी असते, दळण संपले की तुटते, दुसरी बाई ती उचलते, चरण लांबतो वा आखूड होतो. रचनेतली ही सैलता जात्याच्या श्रमाने घडवलेली आहे. एकीचा श्वास संपला की दुसरीने धरायचे, अशी ती सोय आहे. अपुरेपणाला येथे लाज नाही, कारण पुरे करणारे कोणी तरी शेजारी बसलेले आहे.

३

ह्या श्रद्धेची दुसरी बाजू मात्र नाकारता येणार नाही. बाळंतपणाला येणाऱ्या देवाच्या देवळात सोयराबाईला प्रवेश नव्हता. चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याच्या कोसळलेल्या भिंतीखाली गेला आणि त्याची समाधी महाद्वारापाशीच झाली. पायरीवर मिळालेला दिलासा हा दाराबाहेर ठेवण्याच्या व्यवस्थेचाच भाग ठरतो, हा आंबेडकरी विचाराचा आक्षेप म्हणूनच निर्णायक आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ मधला आपला अस्पृश्यांविषयीचा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा ह्यांना अर्पण केला. संतांविषयीचा आदर त्यांनी सोडला नाही, पण त्या वाटेने सुटका नाही हे त्यांनी स्पष्टपणे मांडले.

हा पेच एका घरगुती प्रसंगात एकवटलेला आहे. रमाबाईंना पंढरपूरला जाण्याची इच्छा होती. ज्या पंढरपुरात देवाला दुरूनच पाहावे लागते ते नको, आपण दुसरे पंढरपूर निर्माण करू, असे बाबासाहेबांनी त्यांना सांगितल्याची हकीकत चरित्रकारांनी नोंदवली आहे. ह्या प्रसंगाकडे सामान्यतः बाबासाहेबांच्या बाजूने पाहिले जाते, आणि त्या बाजूने तो न्याय्यच आहे. परंतु रमाबाईंच्या बाजूनेही तो वाचता येतो. मुले गमावलेल्या, दारिद्र्यात संसार रेटलेल्या, आजाराने खंगलेल्या एका स्त्रीने आयुष्यात स्वतःसाठी म्हणून मागितलेली ती बहुधा एकमेव गोष्ट होती. २७ मे १९३५ रोजी त्या वारल्या. त्यानंतर गीतांनी, जलशांनी आणि चरित्रांनी रमाईची जी प्रतिमा उभी केली, ती सोशिकपणाची आणि अखंड त्यागाची होती. त्यांची ती इच्छा मात्र प्रतिमेबाहेरच राहिली.

स्त्रियांच्या चळवळीतील सहभागालाही अशीच दुहेरी कड आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात स्वच्छ राहण्याचा, जातीची ओळख पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसलेच दागिने टाकण्याचा, मुलींना शिकवण्याचा उपदेश होता. तो उपदेश मुक्तिदायी होता, कारण अंगावर लादलेली खूण उतरवण्याचा तो मार्ग होता. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेला हजारो स्त्रिया जमल्या आणि सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या, ह्यावरून त्या उपदेशाने पंधरा वर्षांत काय घडवले ते कळते. मात्र खूण पुसण्याच्या ह्या प्रयत्नातून एक नवी कसोटीही जन्माला आली. घर अधिक स्वच्छ, भाषा अधिक शुद्ध, वागणे अधिक काटेकोर असले तरच माणूस म्हणून मान्यता. एकीने चूक केली तर बोल साऱ्या समाजाला. जो तराजू सोयराबाईने नाकारला होता, तोच तराजू आता आत्मसन्मानाच्या नावाने घरात आला. त्याच्या पारड्यात पुरुषापेक्षा बाईला अधिक वेळा बसावे लागले.

१९५६ च्या धम्मदीक्षेने जुने देव गेले. ते जाणे आवश्यक होते. परंतु देवाबरोबर त्याने उचललेला कामाचा वाटाही गेला. जात्याशी बसणारा, बाळंतपणाला धावणारा तो सोबती जाऊन आता स्वतःच स्वतःचा दीप होण्याचे तत्त्व आले. हे तत्त्व उन्नत आहे. बौद्ध परंपरेत त्याला संघाची जोड आहे, आणि संघ म्हणजे एकमेकांचा भार वाहण्याची व्यवस्थाच. प्रश्न एवढाच की बाईच्या चुलीपाशी तो संघ पोहोचला का? ह्या प्रश्नाचे उत्तर तात्त्विक ग्रंथांत सापडत नाही. ते आत्मकथनांत शोधावे लागते.

४

बेबी कांबळे ह्यांचा जन्म १९२९ चा, वीरगाव हे त्यांचे आजोळ. तेराव्या वर्षी लग्न आणि पुढचे सारे आयुष्य फलटणला. 'जिणं आमुचं' 'स्त्री' मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. शांताबाई कांबळे ह्यांची 'माज्या जल्माची चित्तरकथा' हीही १९८६ चीच. ह्या काळात मराठीत दलित स्त्रीचे आत्मकथन हा स्वतंत्र प्रवाह म्हणून स्थिरावला.

'जिणं आमुचं' मधील एक दृश्य निर्दोषतेच्या इतिहासात मध्यवर्ती ठरावे. आठ-नऊ वर्षांची सून पहाटे उठून टोपलीभर भाकऱ्या थापते. हात भाजतात, भाकरी फाटते, करपते. सासू शेजारणींना गोळा करते आणि ती बिघडलेली भाकरी जाहीरपणे सर्वांना दाखवते. मारापेक्षाही ह्या प्रदर्शनाची धग मोठी आहे. ज्यांच्या घरात पीठच मुळी मागून आणलेले, त्यांच्याच घरात भाकरीच्या गोलाईची ही परीक्षा का असावी? बेबी कांबळे त्याचे उत्तर देतात ते असे की, जे स्वतः गुलाम होते त्यांना सत्ता गाजवायला सुनेखेरीज कोणी उरले नव्हते. म्हणजे निर्दोषतेची मागणी ही सद्गुणाची मागणी नव्हतीच, सत्ताहीनांची ती शेवटची सत्ता होती. पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात घातला जाणारा लाकडी खोडा ही त्याच परीक्षेची पुढची पायरी.

ह्याच पुस्तकात आषाढ येतो. पालखी ज्या दिवसांत नीरेच्या अलीकडून पंढरीला जाते, त्याच महिन्यात महारवाड्यात घरे सारवली जातात, बायका न्हातात, चार घास गोडाचे होतात, पोतराज येतात, अंगात येणाऱ्या बाईच्या पायांना पाणी लागते. बेबी कांबळे ह्या अंधश्रद्धेवर कठोर टीका करतात. त्या टीकेत तडजोड नाही. तरीही वर्णनाच्या ओघात एक गोष्ट त्यांच्या लेखणीतून निसटून येते. वर्षभरात बाईच्या अंगाला पोटभर पाणी आणि डोक्याला तेल लागायचे ते ह्या महिन्यात. तिचे म्हणणे इतरांनी खाली मान घालून ऐकायचे तेही ह्याच महिन्यात. विचार आषाढाला नाकारतो, पण देहाला आषाढ आठवतो. ही विसंगती पुस्तकाचा दोष म्हणून दाखवता येईल. खरे पाहता तीच त्याची साक्ष आहे. जुन्या श्रद्धेने फसवले आणि विसावाही दिला, ह्या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात मावत नाहीत हे लेखिकेने लपवलेले नाही.

आणि लेखनाची हकीकत. फलटणच्या छोट्याशा दुकानात बसून, पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचता वाचता त्या लिहू लागल्या. लिहिलेले कागद घरात कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीत अशा कोपऱ्यात त्यांनी ठेवले, ते सुमारे वीस वर्षे. फलटणला स्थायिक झालेल्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन ह्यांच्या प्रोत्साहनाने ते बाहेर आले. ह्या काळात बेबी कांबळे चळवळीत होत्या, संसार ओढत होत्या आणि पुढे निंबुरे येथे त्यांनी मागासवर्गीय मुलांसाठी आश्रमशाळा उभी केली. २१ एप्रिल २०१२ रोजी त्यांचे निधन झाले. इतक्या उघड्या सार्वजनिक जीवनात एकच गोष्ट झाकलेली राहिली, ती म्हणजे स्वतःसाठी काढलेला वेळ. दुकानातले गिऱ्हाईक गेल्यानंतरची ती घटका हाच त्यांचा विसावा. त्याला कोणी नाव दिले नव्हते, म्हणून तो लपवावा लागला. 'संघ चुलीपाशी पोहोचला का' ह्या प्रश्नाचे उत्तर त्या लपवलेल्या कागदांनी दिलेले आहे.

नवऱ्याच्या संशयाविषयी आणि मारहाणीविषयी त्या पुढे मुलाखतीत बोलल्या. पुस्तकात त्याला जागा दिली नाही, कारण ती समाजाची कथा होती. शीर्षकातले 'आमुचं' हे सर्वनाम ह्या दृष्टीने पुन्हा वाचावे लागते. समीक्षेने त्यात सामूहिक आत्मभान पाहिले, ते योग्यच. परंतु त्या 'आम्ही'ने एका 'मी'ला किती आत ढकलले आहे, हेही त्याच सर्वनामात नोंदले गेले आहे.

५

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लेखनात हा प्रश्न उघडपणे चर्चिला गेला. मिशेल वॉलेस ह्यांनी १९७० च्या दशकाअखेरीस 'सुपरवुमन'च्या मिथकावर आघात केला. कृष्णवर्णीय स्त्री न थकणारी, न रडणारी असते, ही प्रशंसा म्हणजे तिच्यावर अधिक भार टाकण्याचा परवाना होय, असा त्यांचा रोख होता. कर्करोगाशी झुंजताना ऑड्री लॉर्ड ह्यांनी १९८८ मध्ये स्वतःची काळजी घेणे हे चैनीचे लक्षण नसून तग धरण्याचे राजकारण आहे, अशी भूमिका घेतली. बेल हुक्स ह्यांनी १९९३ मध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांच्या आत्मस्वास्थ्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. ह्या परंपरेत चर्चची श्रद्धा आधारही आहे आणि ओझेही. सर्वांसाठी उभी राहणारी ती श्रद्धाळू 'मदर' स्वतः कोठे बसते, हा प्रश्न तेथेही आहेच.

मराठीत दलित आणि कृष्णवर्णीय साहित्याची तुलना नवी नाही. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या दलित पँथरने नावच तेथून घेतले. परंतु ही तुलना प्रामुख्याने विद्रोहाच्या अंगाने झाली, विसाव्याच्या अंगाने झाली नाही. १९९५ मध्ये गोपाळ गुरू ह्यांनी दलित स्त्रियांच्या वेगळ्या बोलण्याचा मुद्दा मांडला, शर्मिला रेगे ह्यांनी त्या बोलण्यातून ज्ञानव्यवहाराची नवी भूमिका घडवली. त्याआधी १९८९ मध्ये उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' मधून आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना इतिहासात आणले. १९९० मध्ये शांताबाई दाणी ह्यांचे 'रात्रंदिन आम्हा' आले. ह्या शीर्षकात तुकोबांची आठवण आहे. विठ्ठलाला मागे टाकून आलेली एक नेती स्वतःच्या आयुष्याला नाव देताना पुन्हा वारीच्या शब्दकोशाकडे वळते. मात्र तिने त्यातून उचलला तो युद्धाचा शब्द, विसाव्याचा नव्हे.

समीक्षेची जबाबदारी येथे सुरू होते. दलित स्त्रीच्या आत्मकथनावर मराठी समीक्षेने दोन प्रकारचे निकाल दिले. एका निकालाने त्यांना विस्कळीत, अपुरी, कलात्मक घाट नसलेली ठरवले. दुसऱ्याने त्यांना धैर्याची अजोड उदाहरणे म्हणून वंदन केले. हे निकाल परस्परविरोधी वाटले तरी दोन्हींची जात एकच आहे. पहिला कृतीकडून निर्दोषता मागतो, दुसरा कर्तीकडून. एकात मोरोपंती आर्येचा मानदंड आहे, दुसऱ्यात सीतागीताचा. 'जिणं आमुचं'ची रचना ओवीसारखी आहे, एक आठवण तुटते, दुसरी मध्येच सुरू होते. ही रचना दुकानातल्या तुटक वेळेने घडवली आहे. त्या वेळेचा विचार न करता घाटाचा विचार करणे म्हणजे भाकरी दाखवत फिरणाऱ्या सासूची भूमिका घेणे होय.

६

हा प्रश्न ग्रंथांपुरता राहिलेला नाही. एप्रिल १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती अमलात आली, महाराष्ट्रात २०११ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांचे आरक्षण पन्नास टक्के झाले, आणि इतर तालुक्यांप्रमाणे बारामती-इंदापूरच्या गावांतही अनुसूचित जातीतील स्त्री सरपंचपदी बसू शकली. तिच्यापुढे आदर्श कोणते आहेत? बारामतीत शारदाबाई पवार ह्यांची स्मृती ताजी आहे. १९३८ मध्ये त्या पुणे लोकल बोर्डावर गेल्या आणि डिसेंबर १९४० मध्ये तीन दिवसांचे तान्हे मूल घेऊन बोर्डाच्या बैठकीला हजर राहिल्या. ही आठवण त्यांच्या चिरंजीवांनी, शरद पवारांनी, कृतज्ञतेने सांगितली आहे आणि शारदाबाईंचे कर्तृत्व वादातीत आहे. परंतु अशा आठवणी समाज ज्या रीतीने पुन्हा पुन्हा सांगतो, त्या रीतीत एक गोष्ट गृहीत असते, ती ही की बाळंतिणीने बैठकीला जाणे हे मोठेपण आहे. त्या दिवशी बैठकच पुढे ढकलली असती तर, हा विचार कथेत येत नाही. जमीन आणि घराणे पाठीशी असलेल्या स्त्रीलाही जी कसोटी चुकली नाही, ती ह्यांपैकी काहीच नसलेल्या स्त्रीला कशी चुकेल? हिशेबातली एक चूक, सभेतला एक अडखळलेला शब्द, आणि बोल लागतो तो तिच्या जातीला आणि बाईपणाला.

विठ्ठलाकडे परत जाणे हा ह्यावरचा उपाय नव्हे. पायरीवरचा दिलासा पुन्हा स्वीकारण्यात स्वाभिमान नाही, आणि बेबी कांबळे ह्यांनी ते कधीच मान्य केले नसते. परंतु श्रद्धा बदलताना जुन्या श्रद्धेने वाहिलेला भार कोणी उचलायचा, हा हिशेब बाकी राहिला आहे. सोयराबाईच्या कथेत नणंदेचे रूप घेऊन देव आला. नव्या धम्मात नणंदेनेच नणंद म्हणून यायला हवे, आणि नवऱ्यानेही. माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत बायका बाबासाहेबांना जात्यापाशी आणून बसवतात. तेथे ते पुतळ्यावरचे महापुरुष नसतात, घरातले, नात्यातले होतात. तर्कशुद्ध विचाराला ही ओवी कदाचित सदोष वाटेल. पण दूरच्या तत्त्वाला जवळच्या माणसाचे रूप देण्याची रीत ह्या बायकांनी टाकलेली नाही, आणि त्या रीतीत संघाचा खरा अर्थ शिल्लक आहे.

मोरोपंतांनी उत्तरायुष्यात 'केकावली' लिहिली. साऱ्या छंदांवर हुकमत मिळवलेल्या कवीने शेवटी आपल्या दोषांसह देवापुढे आर्त साद घातली, ती मोराच्या केकेचे नाव घेऊन. मराठी वाङ्मयेतिहासाने ह्या कबुलीला कवीचे मोठेपण मानले. निर्दोषतेच्या शिखरावर पोहोचलेल्या पुरुषाला दोष कबूल करण्याची जी मुभा मिळाली, तीच मुभा भाकरी करपलेल्या, पाने लपवलेल्या, सभेत अडखळलेल्या बाईला मिळायची आहे. ती देण्याची सुरुवात वाचनापासून करता येईल. 'जिणं आमुचं' आणि त्याच्या भगिनीग्रंथांकडे केवळ शौर्याच्या गाथा म्हणून न पाहता दमलेल्या माणसांची पुस्तके म्हणूनही पाहिले, तर त्यांच्या तुटलेल्या ओळींत दोषाऐवजी मध्येच सोडलेली, पुढचीने उचलावी म्हणून ठेवलेली ओवी ऐकू येईल.